‘पाठ घेण्यात आला’ ते ‘मी त्याला बसवले’ : एका छात्राध्यापिकेच्या चिंतनलेखनाचे प्रकरण

बी.एड.च्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात शालेय आंतरवासितेला, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला, मोठे स्थान आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या आराखड्यानुसार ती एकूण २० आठवड्यांची असते आणि त्यांपैकी १६ आठवडे दुसऱ्या वर्षात येतात. या काळात छात्राध्यापकांनी शिकवलेल्या पाठांवर चिंतनात्मक लेखन करावे आणि ते प्रात्यक्षिकाच्या फाइलला जोडावे, अशी अपेक्षा असते. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, दापोली तालुक्याच्या किनारपट्टीवरील एका माध्यमिक शाळेत आंतरवासिता करणाऱ्या एका छात्राध्यापिकेने एकाच तासावर लिहिलेल्या तीन मसुद्यांचे हे प्रकरण आहे. मी तिची मार्गदर्शक होते. तिच्या संमतीने, आणि तिची, शाळेची व मुलांची ओळख पटेल असे तपशील वगळून, ते येथे मांडत आहे.

ते मांडावेसे वाटले याचे कारण असे की, चिंतनलेखनाबाबत आपल्याकडे ज्या सूचना दिल्या जातात त्या बहुतेक वेळा वृत्तीविषयीच्या असतात. ‘प्रामाणिकपणे लिहा’, ‘मनापासून लिहा’, ‘अनुभवाचे परीक्षण करा’ असे आपण सांगतो. मनापासून लिहिलेले वाक्य कागदावर कसे दिसते, त्याचा कर्ता कोण असतो, त्यातील क्रियापद कोणत्या काळात असते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. माझ्या मते चिंतन घडते किंवा राहून जाते ते तिथेच, वाक्याच्या रचनेत. या छात्राध्यापिकेच्या तीन मसुद्यांत ते जितके स्पष्ट दिसले, तितके मला एरवी कुठे दिसलेले नाही.

घडले ते असे

ऑगस्ट महिना होता. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपून होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या होत्या. इयत्ता सातवीच्या भूगोलातील ‘भरती-ओहोटी’ हा पाठ तिच्याकडे आला. वर्गातील बरीच मुले मच्छीमार कुटुंबांतील होती. तिने पाठटाचण नेटके केले होते. पूर्वज्ञानावरचे तीन प्रश्न, चंद्र-सूर्य-पृथ्वी यांच्या स्थितीच्या आकृत्या, अमावास्या-पौर्णिमेला येणारी उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारास येणारी भांगाची भरती आणि शेवटी मूल्यमापनाचे प्रश्न, असा त्याचा क्रम होता.

फळ्यावर आकृती अर्धी काढून झाली असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा टाइम कळतो. आमचे आजोबा तसाच काढतात.” ती म्हणाली, “ते नंतर सांग, आधी आकृती काढून घे.” तो खाली बसला. पाठ वेळेत संपला. निरीक्षण करणाऱ्या शिक्षकांनी फलकलेखन आणि वर्गनियंत्रण यांविषयी चांगला शेरा दिला.

पहिला मसुदा

तिने महाविद्यालयात दिलेले पहिले लेखन असे होते :

“इयत्ता सातवीच्या वर्गावर भूगोल विषयाचा ‘भरती-ओहोटी’ या घटकावरील पाठ घेण्यात आला. प्रस्तावनेत विद्यार्थ्यांना पूर्वज्ञानावर आधारित प्रश्न विचारण्यात आले. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. आकृतीच्या साहाय्याने संकल्पना स्पष्ट करण्यात आली. काही विद्यार्थी अवांतर माहिती सांगत होते; परंतु वर्गनियंत्रण राखण्यात यश आले. एकंदरीत पाठ यशस्वीरीत्या पार पडला. या अनुभवातून मला खूप काही शिकायला मिळाले.”

हे लेखन वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. ते शुद्ध आहे, आटोपशीर आहे आणि असे लेखन दरवर्षी शेकड्यांनी तपासले जाते. मात्र यात शिकवणारी व्यक्ती पहिल्या सहा वाक्यांत कोठेही नाही. पाठ ‘घेण्यात आला’, प्रश्न ‘विचारण्यात आले’, संकल्पना ‘स्पष्ट करण्यात आली’. हा कर्मणी प्रयोग आपल्याला शाळेच्या वार्षिक अहवालातून, सभेच्या इतिवृत्तातून आणि शासकीय परिपत्रकातून मिळालेला आहे, आणि तेथे तो योग्यच आहे, कारण तेथे निर्णय संस्थेचा असतो आणि अमुक व्यक्तीने तो कसा घेतला हे वाचकाला जाणून घ्यायचे नसते. चिंतनलेखनाच्या वाचकाला नेमके तेच जाणून घ्यायचे असते. जेथे निर्णय झाला तेथून कर्ता काढून टाकला की निर्णयाची चिकित्सा करायला जागाच उरत नाही.

पाचवे वाक्य अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. ‘काही विद्यार्थी अवांतर माहिती सांगत होते.’ प्रत्यक्षात विद्यार्थी एक होता, तो एकदा बोलला आणि दोन वाक्ये बोलला. अनेकवचनाने त्या मुलाला गर्दीत नेऊन सोडले. ‘सांगत होते’ या अपूर्ण भूतकाळाने एका क्षणाची घटना लांबवून तिला पार्श्वभूमीवरील गोंगाटाचे रूप दिले. ‘अवांतर’ या विशेषणाने, विचार सुरू होण्याआधीच, निकाल देऊन टाकला. मराठीत ‘मुले उत्तरे देत’, ‘मी त्यांना समजावून सांगे’ असा रीतिभूतकाळही हाताशी असतो आणि आठवणी लिहिताना तो फार गोड वाटतो. पण चिंतनलेखनात तोही हेच नुकसान करतो. एका दिवशी एकदा घडलेली गोष्ट नेहमीची होऊन जाते आणि नेहमीच्या गोष्टीबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही.

सहा चौकटींचा तक्ता

पहिल्या मसुद्याच्या मांडणीचा दोष पूर्णपणे तिचा नव्हता. महाविद्यालयाच्या सूचनापत्रात शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या चिंतनचक्रावर आधारित तक्ता होता : वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती आराखडा. सहा ओळी आणि सहा सारख्या चौकटी. तिने आधी सलग परिच्छेद लिहिला आणि मग त्याचे तुकडे करून चौकटींत बसवले. वर्णनाच्या चौकटीत जागा पुरेना, म्हणून तेथील अक्षर बारीक झाले. भावनांच्या चौकटीत ‘आनंद व समाधान वाटले’ एवढेच आले. विश्लेषणाच्या चौकटीत दोन ओळी होत्या आणि त्या दोन्ही मूल्यमापनाच्या चौकटीतील वाक्यांची पुनरुक्ती होत्या.

गिब्ज यांचे टप्पे हे विचार पुढे नेणारे प्रश्न आहेत. काय घडले, तेव्हा काय वाटले, त्यात चांगले-वाईट काय होते, तसे का झाले, वेगळे काय करता आले असते, पुढे काय करणार, असे विचारत जाणे नवशिक्याला फार उपयोगी पडते, यात मला शंका नाही. परंतु सारख्या आकाराच्या चौकटी दिल्या की सारख्या लांबीच्या मजकुराची अपेक्षा आहे असे विद्यार्थी धरून चालतो, आणि मग जेथे सांगण्यासारखे आहे तेथे तो आखडतो व जेथे नाही तेथे भर घालतो. शिवाय भावना आणि विश्लेषण वेगळ्या चौकटींत गेल्यामुळे भावनेचे कारण विश्लेषणात येत नाही, आणि या प्रकरणात तर कारणच भावनेत होते. म्हणून मी तिला सांगितले की, हा तक्ता वहीत कच्च्या नोंदींसाठी वापरायचा. फाइलमध्ये जाईल ते लेखन सलग गद्यात, फार तर तीन उपशीर्षके देऊन लिहायचे. या बाबतीत माझे सहकारी माझ्याशी सहमत नव्हते. तपासणीला तक्ता सोपा पडतो, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. पण तपासणीची सोय लेखनाच्या रूपाचा आधार होऊ नये, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते.

तोंडी सांगितले तेव्हा

मसुदा परत देताना मी तिला लिहिलेले बाजूला ठेवून तास पुन्हा सांगायला लावले. ‘काही विद्यार्थी’ म्हणजे कोण? तो नेमके काय म्हणाला? तू काय म्हणालीस? तसे का म्हणालीस? एवढेच विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “मॅडम, खरं सांगू का, तो जे म्हणाला ते बरोबर आहे की चूक, हे मला माहीत नव्हतं. मागे सर बसले होते. म्हणून त्याला बसवलं.”

या वाक्यांत जे होते ते तिच्या सबंध मसुद्यात नव्हते. कर्ता होता, कारण होते, प्रसंगी हजर असलेला आणि लेखनातून गाळलेला तिसरा माणूसही होता. माझा अनुभव असा आहे की, आपले विद्यार्थी बोलताना उत्तम चिंतन करतात आणि पेन हाती घेतले की त्यांच्यावर औपचारिक लेखनाची सवय स्वार होते. म्हणून लिहिण्याआधी एखाद्या मैत्रिणीला ती घटना सांगावी, शक्य असल्यास मोबाइलवर आपलेच बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि त्याच दिवशी मुलांचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवावेत, ही सूचना मी आता सर्वांना देते. शब्द त्याच दिवशी टिपण्याचा आग्रह अशासाठी की, चार दिवसांनी आठवलेले मुलाचे बोलणे बहुधा शिक्षकाच्या भाषेत आठवते.

दुसरा मसुदा

इतके बोलणे झाल्यावर दुसरा मसुदा चांगला येईल अशी माझी अपेक्षा होती. तो आला तो असा :

“अथांग सागराच्या कुशीत वाढलेल्या त्या तांडेलाच्या [होडीच्या प्रमुखाच्या] नातवाच्या निरागस डोळ्यांत मला त्या दिवशी माझेच अज्ञान दिसले. मी किती कोत्या मनाची शिक्षिका! मी त्याचे पंख छाटले. त्या रात्री मला झोप लागली नाही. शिक्षकाने आयुष्यभर विद्यार्थी राहिले पाहिजे, हेच खरे. ज्ञान हे पुस्तकात नसून जीवनाच्या शाळेत असते.”

पहिल्या मसुद्यातून ‘मी’ गायब होती. येथे ती पहिल्या चारही वाक्यांत आहे. तरीही हा मसुदा पहिल्यापेक्षा पुढे गेलेला नव्हता, आणि हे तिला समजावून सांगणे अवघड गेले, कारण तिने तो खरोखर मनापासून लिहिला होता. मी तिला एवढेच विचारले की, हे वाचून त्या मुलाने काय सांगितले ते वाचकाला कळते का? कळत नाही. तिथी नाही, पाऊणपट नाही, भरतीची वेळ नाही. मुलाचे डोळे आहेत, पंख आहेत, पण त्याचे बोलणे नाही. वर्गात तो एकदा गप्प झाला होता. या मसुद्यात तो पुन्हा गप्प झाला.

ही शैली शालेय निबंधाची आहे. निबंधस्पर्धेत ती बक्षीस मिळवून देते आणि ललित लेखनात कसबी हाताने वापरली तर शोभतेही. चिंतनलेखनात तिचा धोका असा की, भावनेचा चढता सूर हा विचार पूर्ण झाल्याचा आभास निर्माण करतो. अपराधीपणा व्यक्त केला की लिहिणाऱ्याला हलके वाटते, आणि ‘तसे का केले’ हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. ‘शिक्षकाने ... राहिले पाहिजे’ या वाक्याचा कर्ताही पाहावा. तो पुन्हा कोणीतरी सर्वसामान्य ‘शिक्षक’ आहे. ‘आपण’ हे सर्वनामही असेच काम करते. ‘आपण मुलांचे ऐकून घेतले पाहिजे’ या वाक्यात लिहिणारी, वाचणारा आणि सगळे जग सामावते, म्हणून कोणावरच काही बंधन येत नाही.

या मसुद्याच्या माथ्यावर तिने अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांचे एक वचन मोठ्या अक्षरांत टाकले होते. शॉन यांनी १९८३ मध्ये कृती चालू असतानाचे चिंतन आणि कृतीनंतरचे चिंतन असा जो भेद केला, तो या घटनेला अगदी लागू पडत होता, कारण तिचा निर्णय उभ्या उभ्या, काही सेकंदांत झालेला होता. पण वचन माथ्यावर लावून खाली त्याचा उल्लेखही नसेल तर ते तोरणासारखे राहते. विचारवंताचे नाव घ्यावे ते त्याच्या संकल्पनेने आपल्या घटनेतील एखादी गोष्ट दिसू लागली असेल तरच, आणि घ्यावे ते त्याच वाक्याशेजारी.

समासातील तीन अक्षरे

तिसऱ्या मसुद्याआधी मी तिला दुसऱ्या मसुद्यातील प्रत्येक वाक्यापुढे समासात एक अक्षर लिहायला सांगितले : घडले त्याला ‘घ’, अर्थ लावला त्याला ‘अ’, पुढे करायचे त्याला ‘प’. तिने अक्षरे लिहिली आणि स्वतःच म्हणाली की, ‘घ’ जवळजवळ नाहीच आणि ‘प’ मुळीच नाही. पहिल्या मसुद्यावर तेच केले तेव्हा उलट चित्र दिसले. काही वाक्यांना कोणतेच अक्षर लागू पडत नव्हते. दुसऱ्या मसुद्यातील ‘ज्ञान हे पुस्तकात नसून’ हे त्यांतले एक. अशी वाक्ये काढून टाकायची, एवढा साधा नियम आम्ही केला.

याच अक्षरांना काळ जोडून घेता येतो. घडलेले साध्या भूतकाळात लिहावे : ‘तो म्हणाला’, ‘मी बसवले’. आज लावलेला अर्थ वर्तमानकाळात : ‘मला वाटते’, ‘यावरून दिसते’. तेव्हा वाटलेले आणि आता वाटणारे यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही. ‘तेव्हा मला वाटले’ आणि ‘आता मला वाटते’ या दोन वाक्यांमधील अंतर हाच चिंतनाचा मजकूर असतो. पुढील कृती प्रथमपुरुषी भविष्यकाळात लिहावी. ‘केले जाईल’, ‘करण्याचा प्रयत्न राहील’ असे लिहू नये.

तिसऱ्या मसुद्यातील मुख्य भाग तिच्याच शब्दांत देते :

“आकृती अर्धी काढून झाली होती. मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहून म्हणाला, ‘बाई, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा टाइम कळतो.’ मी त्याला, ‘ते नंतर सांग, आधी आकृती काढून घे,’ असे म्हणून बसवले. तास संपेपर्यंत मी त्याला पुन्हा विचारले नाही. त्या वेळी मला वाटले की मी वेळ वाचवत आहे. आता मला वाटते की कारण वेगळे होते. त्याची रीत बरोबर की चूक हे मला सांगता आले नसते, आणि निरीक्षक समोर असताना मला ते उघड होऊ द्यायचे नव्हते.

त्या संध्याकाळी मी रीत करून पाहिली. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, अष्टमीला सहा. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. तिथी दिवसापेक्षा सरासरीने थोडी लहान असल्यामुळे दर तिथीला हा फरक सुमारे ४८ मिनिटे पडतो, आणि ही रीत तो ४५ मिनिटे धरते. म्हणून पौर्णिमेपर्यंत हिशेब पाऊण तास मागे पडतो. पण तोंडी करण्याच्या हिशेबासाठी तो पुरेसा जवळ आहे. मी फळ्यावर चंद्राच्या स्थितीचा जो परिणाम दाखवत होते, तोच या रीतीत आकड्यांत मांडलेला आहे. ज्याला मी पहिल्या मसुद्यात ‘अवांतर’ म्हटले, ते माझ्या पाठाचे उपयोजन होते.”

शेवटचे वाक्य वाचून मला मनापासून आनंद झाला. तेथे पश्चात्ताप नाही आणि सुभाषितही नाही. एका शब्दाने केलेला निवाडा तिने पुराव्यानिशी फिरवला आहे. पुढे तिने राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मधील, ज्ञानाची शाळेबाहेरच्या जीवनाशी सांगड घालण्याचे तत्त्व एका वाक्यात आणले आणि ते येथे ओढून आणलेले वाटले नाही. विश्लेषण म्हणजे संकल्पनांची नावे घेणे असा समज असतो. या मसुद्यात विश्लेषण भूगोलाच्या हिशेबातून झाले आहे, आणि विषयाचे ज्ञान चिंतनलेखनात असे कामाला लागले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

कृतीचा भाग तिने आधी ‘यापुढे विद्यार्थ्यांच्या सहभागाकडे अधिक लक्ष देईन’ असा लिहिला होता. हे लक्ष दिले की नाही, हे कोणी कसे ओळखणार, असे विचारल्यावर तो असा झाला : “पुढच्या तुकडीवर हा पाठ घेताना मी प्रस्तावनेतच ‘आज भरती किती वाजता आहे आणि ते तुम्हांला कसे कळते?’ असे विचारीन, उत्तरे फळ्याच्या डाव्या बाजूला लिहून ठेवीन आणि आकृती पूर्ण झाल्यावर त्यांपैकी एका उत्तराची पडताळणी वर्गाकडून करून घेईन.”

नाव न घेताही ओळख पटते

दुसऱ्या मसुद्यातील ‘तांडेलाचा नातू’ हे शब्द मला शैलीइतकेच दुसऱ्या कारणासाठी खटकले होते. विद्यार्थ्याचे नाव लिहायचे नाही, हा नियम छात्राध्यापक पाळतात. पण किनाऱ्यावरच्या लहान गावात वाडी, होडी, घरातील व्यवसाय यांपैकी एक गोष्ट सांगितली तरी मूल कोणाचे ते कळते, आणि ही फाइल शाळेतील शिक्षकही चाळतात. तिसऱ्या मसुद्यात तिने ‘मागच्या बाकावरील एक विद्यार्थी’ एवढेच ठेवले, ते योग्य झाले. मात्र त्याचबरोबर तिने आजोबांचे वाक्यही गाळले. मुलाने ती रीत स्वतः शोधल्यासारखे वाचकाला वाटू लागले आणि ज्ञान जेथून आले त्याचे श्रेय हरवले. आम्ही ‘घरातील वडीलधाऱ्यांकडून शिकलेली रीत त्याने सांगितली’ असे वाक्य घातले.

अशा तोंडी माहितीचा उल्लेख कसा करायचा, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) या संस्थेच्या संदर्भलेखन पद्धतीत व्यक्तिगत संभाषणाचा उल्लेख मजकुरातच करतात, संदर्भसूचीत नाही, कारण वाचकाला तो स्रोत शोधून पाहता येत नाही. अल्पवयीन विद्यार्थ्याच्या बाबतीत तर मजकुरातही नाव येणार नाही. कोणत्या प्रकारच्या व्यक्तीने कोणत्या प्रसंगी सांगितले, एवढे पुरे. आराखड्यासारखा प्रकाशित दस्तऐवज मात्र संस्था आणि वर्ष यांसह मजकुरात आणि सूचीतही द्यावा. वर्गातील मुलांची छायाचित्रे चिकटवण्याची पद्धत बंद करावी, असे मी सुचवले आहे.

टंकलेखन आणि मांडणी

मांडणीबाबत थोडक्यात सांगते, कारण ती नियमांनी सुटते. प्रात्यक्षिकाच्या फाइलमध्ये स्केचपेनने रंगवलेला समास, मुखपृष्ठावर मावळत्या सूर्याचे चित्र आणि प्रत्येक पानाच्या तळाशी सुविचार हे सर्व श्रमाने केलेले असते. त्या श्रमाचा आदर ठेवूनही ते काढावे. ए-फोर कागद, शिवणीसाठी डावीकडे थोडी अधिक जागा, आणि पहिल्या ओळीत दिनांक, इयत्ता, विषय व घटक. देवनागरीत वेलांट्या आणि रफार ओळीच्या वर जातात व उकार खाली येतात, म्हणून इंग्रजीसाठीचे ओळींमधील अंतर मराठीला अपुरे पडते. दीडपट अंतर ठेवावे. मजकुरात ठळक अक्षरे आणि अधोरेखा नकोत. अंक देवनागरी घेतले तर शेवटपर्यंत देवनागरीच. निवेदनात ‘केले, झाले’ अशी रूपे ठेवावीत, आणि बोलणाऱ्याने ‘केलं, झालं’ म्हटले असेल तर अवतरणात ते तसेच ठेवावे.

या शेवटच्या मुद्द्यावर एक गोष्ट घडली. तिने तिसरा मसुदा हाताने लिहून तालुक्याच्या गावी डीटीपीच्या दुकानात टंकलेखनाला दिला. परत आलेल्या प्रतीत मुलाच्या तोंडचे ‘टाइम’ जाऊन ‘वेळ’ आले होते आणि ‘असे म्हणून बसवले’ याऐवजी ‘असे सांगून बसविण्यात आले’ असे झाले होते. टंकलेखकाने वाईट हेतूने काही केले नव्हते. दिवसभर अहवाल टंकलिखित करणाऱ्याचा हात तिकडेच वळणार. पण ज्या वाक्यासाठी तीन मसुदे लिहिले, त्याच वाक्यातून कर्ता पुन्हा निघून गेला होता. शिवाय प्रत जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात होती आणि महाविद्यालयातील संगणकावर ती उघडली असता निरर्थक चिन्हांच्या ओळी दिसल्या. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना युनिकोड टंकात, मोबाइलवर का होईना, स्वतः टंकलेखन करण्याचा आग्रह धरते. आणि बाहेरून टंकलेखन करून घेतलेच तर क्रियापदे मूळ प्रतीशी ताडून पाहायला सांगते.

गुणांचा प्रश्न

अंतिम प्रत देताना तिने विचारले, “मॅडम, निरीक्षकांसमोर उघडं पडायचं नव्हतं असं मी लिहिलंय. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनी हे वाचलं तर गुण कमी होतील का?”

प्रश्न अगदी रास्त होता. विद्यार्थी ‘पाठ यशस्वीरीत्या पार पडला’ असे लिहितात, त्यामागे शैलीच्या सवयीबरोबर हा हिशेबही असतो, आणि तो चुकीचा आहे असे केवळ तोंडी सांगून चालत नाही. म्हणून पुढच्या तुकडीच्या सूचनापत्रातून सहा चौकटींचा तक्ता वगळताना आम्ही गुणदानाचे निकष त्यातच छापले. घटना एकाच प्रसंगापुरती आणि नेमकी सांगितली आहे का, निर्णयाचा कर्ता वाक्यात आहे का, लावलेल्या अर्थाला विषयज्ञानाचा किंवा पुराव्याचा आधार आहे का, पुढील कृती पडताळून पाहता येईल अशी आहे का, यांना गुण आहेत. पाठ चांगला झाला की फसला, याला या लेखनात गुण नाहीत, हे वाक्य वेगळ्या ओळीत छापले आहे. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांच्या हाती सूचनापत्र पडेलच याची खात्री नसते, म्हणून त्याची एक प्रत प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानाआधी लावली जाते.